आईच्या वाक्यामागे ‘म्हणे’

प्रबंधाचा पहिला मसुदा तपासून परत आला तेव्हा मी डहाणूला घरीच होते. जर्मनीतल्या माझ्या प्राध्यापक बाईंनी अकराव्या पानाच्या समासात दोनच शब्द लिहिले होते, ‘कोण म्हणतं?’ बाराव्या पानावर पुन्हा तेच. चौदाव्यावर दोनदा. पुढे पुढे त्यांनी शब्द लिहायचंही सोडून दिलं होतं, नुसतंच प्रश्नचिन्ह होतं.

अकराव्या पानावरचं माझं वाक्य साधं होतं. ऐन थंडीत वाळवलेले बोंबील पुढचा पावसाळा संपेपर्यंत टिकतात, उन्हाळ्याच्या तोंडावर वाळवलेले टिकत नाहीत. एवढंच लिहायला मला पाऊण तास लागला होता, कारण जर्मनमध्ये ‘वाळवलेले’ हा शब्द बोंबलांच्या आधी लावायचा तर त्याच्या शेपटीला कुठला प्रत्यय येतो, हे मला दर वेळी तक्त्यात पाहावं लागे. तो प्रत्यय बरोबर आला होता. त्यावर बाईंनी काहीच म्हटलं नव्हतं. त्यांना हवं होतं, हे कोण म्हणतं.

आई म्हणते. आई तेव्हा खिडकीबाहेर, माझ्यापासून दहा पावलांवर, बांबूवर बोंबील टांगत होती. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी बांबूवर टाकायची. हात चालू होते आणि तोंडाने शेजारणीशी बोलणंही चालू होतं. मला वाटलं, लॅपटॉप उचलावा, बाहेर न्यावा आणि कॅमेरा तिच्याकडे वळवून म्हणावं, ही बघा, ही म्हणते.

आमचं घर मासेमारीचं. बाबा बोटीवर जातात, आई मासळी सुकवते आणि विकते. ताजी मासळी डहाणूच्या बाजारात संपते, सुकी मात्र आत जाते, डोंगराकडे. आई लग्न होऊन आली तेव्हापासून तलासरीच्या आठवडी बाजारात सुकी मासळी घेऊन बसते आणि बाजार नसेल तेव्हा सायवनच्या बाजूच्या पाड्यांवर टोपली घेऊन फिरते. तिथे काही घरांत अजूनही सुकटीच्या बदल्यात तांदूळ, तूर, वाल असं काहीबाही मिळतं. मी लहानपणी सुट्टीत तिच्याबरोबर जायचे. पुढे डहाणूच्या कॉलेजात भूगोल घेतला, तेव्हा आमच्या सरांनी एकदा फळ्यावर किनारा आणि डोंगर यांच्यामधला व्यापार म्हणून एक बाण काढला. मला कळलं की तो बाण म्हणजे आमची आई.

जर्मनीत जाऊन पुढचा भूगोल शिकायचा, हे त्याच सरांनी डोक्यात घातलं. मी घरी बसून ऑनलाइन जर्मन शिकले आणि परीक्षा मुंबईला जाऊन दिल्या. बोलण्याच्या परीक्षेत एकदा नापासही झाले. शेवटी सगळे टप्पे पार करून विद्यापीठात दाखल झाले आणि पहिल्याच महिन्यात लक्षात आलं की मी शिकले ती जर्मन वेगळी आणि इथे चालते ती वेगळी. मला डॉक्टरची वेळ मागता येत होती, घरमालकिणीशी नळाबद्दल भांडता येत होतं. पण वर्गात बसले की नुसती लांबलचक नामं अंगावर यायची. ‘पाऊस पडला म्हणून रस्ता बंद झाला’ असं तिथे कोणी म्हणत नसे. तिथे म्हणायचे, पर्जन्यजन्य मार्गावरोधाची परिस्थिती. क्रिया करणारं माणूस वाक्यातून काढून टाकायचं आणि क्रियेचंच नाम करून ते खुर्चीवर बसवायचं.

खरं तर ही तऱ्हा मला नवी नव्हती. आमच्याकडे तहसील कचेरीतून पत्र येतं तेव्हा ‘कळविण्यात येते की’ असंच लिहिलेलं असतं. कोण कळवतं, कोणाला ठाऊक. ते पत्र घेऊन बाबा माझ्याकडे यायचे आणि मी त्यांना साध्या मराठीत सांगायचे. आता मला उलट करायचं होतं. साधं जे होतं ते कचेरीच्या भाषेत न्यायचं होतं, तेही परक्या भाषेच्या कचेरीत.

पहिल्या सत्रात दहा मिनिटांचं भाषण होतं. मी ते पाठ करून गेले आणि घडाघडा बोलले. मग एका मुलाने एक साधा प्रश्न विचारला, अगदी सौजन्याने. मला प्रश्न समजला होता, उत्तरही येत होतं. मी ‘जर’ने सुरुवात केली. आता क्रियापद शेवटी ठेवायचं तर ते मराठी माणसाला सोपं जायला हवं, आपलं क्रियापद शेवटीच असतं. पण जर्मनमध्ये मुख्य वाक्यात ते दुसऱ्या जागी, उपवाक्यात शेवटी, आणि काही क्रियापदं अशी की अर्धं इकडे ठेवायचं आणि अर्धं पार तिकडे. मी मधली सगळी नामं व्यवस्थित मांडली आणि शेवटाला पोचले तर क्रियापद हातात नव्हतं. चौदा माणसं माझ्या क्रियापदाची वाट पाहत बसली. मग प्राध्यापक म्हणाले, “इंग्रजीत सांगितलंत तरी चालेल.”

त्यांचा हेतू चांगला होता. पण इंग्रजी काय माझ्या घरची होती? डहाणूच्या कॉलेजात परीक्षेपुरती शिकलेली ती भाषा. मी म्हटलं, “नको, धन्यवाद,” आणि खाली बसले. त्या दिवशी खोलीवर आल्यावर ते उत्तर मी भिंतीकडे तोंड करून चार वेळा बोलले. चारही वेळा बरोबर आलं.

लिहिण्यासाठी विद्यापीठात मदतकेंद्र होतं. तिथे माझ्यापेक्षा लहान असलेली एक विद्यार्थिनी माझा निबंध घेऊन बसायची. तिने पहिल्याच बैठकीत प्रत्येक ‘मी’भोवती लाल गोल काढला. “हे सगळे काढून टाक,” ती म्हणाली. “तुला काय वाटतं यात वाचणाऱ्याला रस नसतो, काय सिद्ध होतं यात असतो.” मी म्हटलं, “पण मी पाहिलंय ते.” ती म्हणाली, “मग ‘पाहण्यात आलं’ असं लिही.” मुलगी चांगली होती, तिने मला खूप शिकवलं. पण तिच्याकडून परतताना माझी कागदं लाल गोलांनी भरलेली असायची आणि मला वाटायचं, आपल्याला वाटेवरून एकेक करून उचलून बाजूला ठेवलं जातंय.

प्रबंधाचा विषय मी हट्टाने घरचा घेतला. डहाणूच्या किनाऱ्यावरून तलासरी आणि सायवनकडे जाणारी सुकी मासळी, ती नेणाऱ्या बायका आणि ती घेणारी घरं. प्राध्यापक बाईंना विषय आवडला. त्यांनी एवढंच विचारलं, “मुलाखती देणाऱ्यांत तुमची आई असेल का?” मी हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मग अंतर सांभाळावं लागेल.” मला वाटलं, अंतर म्हणजे किती? जर्मनीपासून डहाणूपर्यंतचं पुरेल का?

दिवाळीनंतर मी घरी आले. आईबरोबर बाजारात बसायचं, पाड्यांवर हिंडायचं, मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या आणि परत येऊन लिहायचं, असा चार महिन्यांचा बेत होता. हिंडणं सोपं होतं. तलासरीच्या बाजारात आई कोणाशी मराठीत बोले, कोणाशी गुजरातीत, आणि पाड्यावरच्या बायकांशी त्यांच्या वारलीत. एकाच वाक्यात तिन्ही भाषा आल्या तरी तिला किंवा समोरच्या बाईला काही वाटत नसे. मी मात्र घरी येऊन कानाला हेडफोन लावायचे, आधी ते सगळं मराठीत उतरवायचे, मग जर्मनमध्ये.

सायवनच्या बाजूची एक म्हातारी गिऱ्हाईक होती. तिला मी विचारलं, “मावशी, तू हिच्याचकडून का घेतेस? बाजारात इतक्या जणी बसतात.”

ती म्हणाली, “हिची सुकट मी डोळे झाकून घेते. हिच्यात रेती नाय.”

घरी आल्यावर मी त्या वाक्यापुढे बसले. ‘डोळे झाकून’ जर्मनमध्ये जसंच्या तसं चालेना. शेवटी जे कागदावर उतरलं त्याचा अर्थ होता, ‘विक्रेतीवरील विश्वास हा खरेदीच्या निर्णयातील एक महत्त्वाचा घटक असल्याचे दिसते.’ व्याकरण तपासलं तर ते निर्दोष होतं. म्हातारी त्यात कुठेच नव्हती. रेतीसुद्धा नव्हती.

तर अशा पानांवर बाईंनी ‘कोण म्हणतं’ लिहून पाठवलं होतं. दोन दिवसांनी व्हिडिओ कॉल ठरला. आमच्याकडे दुपारचे अडीच, त्यांच्याकडे सकाळचे दहा. मी दार लावून घेतलं, पंखा बंद केला आणि वही पुढे ठेवली. वहीत मी माझी वाक्यं क्रियापदांसकट लिहून ठेवली होती.

बाई म्हणाल्या, “तुमचा मजकूर वाचायला छान वाटतो. अडचण तीच आहे. तुम्ही गोष्ट सांगता. बोंबील टिकतात हे तुम्ही सत्य म्हणून सांगता. ते सत्य आहे की नाही हे तुम्ही तपासलेलं नाही. तुम्हाला ते कोणीतरी सांगितलंय. मग तसं दिसलं पाहिजे.”

“तीस वर्षं ती बोंबील सुकवते,” मी म्हटलं. म्हणजे म्हणायला गेले. ‘तीस वर्षांपासून’ या शब्दांनंतर जर्मनमध्ये वर्तमानकाळ येतो की भूतकाळ, यावर मी अडले आणि बाईंना वाटलं माझं बोलून झालं.

“बरोबर,” त्या म्हणाल्या. “म्हणून तिचं म्हणणं ‘कॉन्युन्क्टिव्ह’मध्ये टाका.”

कॉन्युन्क्टिव्ह हे जर्मन क्रियापदाचं एक रूप आहे. दुसऱ्याचं बोलणं आपण सांगतो तेव्हा क्रियापद थोडंसं बदलायचं. ‘आहे’ऐवजी वेगळंच काहीतरी, ‘आहे असं तिचं सांगणं’ अशा अर्थाचं. त्यामुळे वाचणाऱ्याला कळतं की बोलणारी दुसरी आहे आणि लिहिणाऱ्याने तिच्या शब्दांची हमी घेतलेली नाही. मी हे रूप परीक्षेसाठी घोकलं होतं, वापरलं कधीच नव्हतं.

“त्यात अविश्वास नाही,” बाईंनी मुद्दाम सांगितलं. “फक्त अंतर आहे.”

पुढचे आठ-दहा दिवस मी सगळ्या मुलाखती त्या रूपात घालत बसले. नियमाप्रमाणे माणसांची नावं काढायची होती, म्हणून आई झाली ‘बी एक’, म्हणजे मुलाखत देणारी क्रमांक एक. म्हातारी ‘बी चार’. बी एक अमुक सांगते, बी चारचं तमुक म्हणणं. क्रियापदाचा एकेक शेवट बदलत गेले तसं मला आतून काहीतरी खुपत होतं, पण काय ते कळत नव्हतं. जर्मनमध्ये वाचलं की ते सभ्य आणि नीटनेटकं दिसायचं.

ते काय होतं ते आईमुळे कळलं. एका दुपारी ती जवळा सारवलेल्या खळ्यात पसरून आत आली, हात धुतले आणि माझ्या शेजारी बसली. म्हणाली, “एवढं काय लिहिलंस माझ्याबद्दल, वाचून दाखव की.”

मी एक पान काढलं आणि जर्मन वाचत वाचत तिथल्या तिथे मराठी करून सांगायला लागले. आणि त्या रूपाला मराठीत काय म्हणायचं हे तोंडातून आपोआप निघालं.

“बी एक ही थंडीत म्हणे बोंबील जास्त टिकतील असे सुकवते. ती म्हणे कधीही रेतीवर जवळा पसरत नाही. गिऱ्हाईक म्हणे तिच्याकडे वर्षानुवर्षं येतात.”

आई म्हणाली, “बी एक कोण?”

“तू.”

“आणि म्हणे?”

“ते तसं लिहायची पद्धत आहे.”

“म्हणे म्हणजे खोटं बोलते का मी?”

“नाही गं. त्यात अविश्वास नाही, फक्त अंतर आहे.” बाईंचं वाक्य मी जसंच्या तसं तिला दिलं आणि देताना मलाच ऐकवलं नाही.

“मी जवळा रेतीवर पसरत नाही,” आई म्हणाली. “बाहेर जाऊन बघ. आता पसरून आले. त्याला म्हणे कशाला?” मग उठता उठता म्हणाली, “शेजारणीच्या सुनेबद्दल बोलताना आपण म्हणे म्हणतो. ती म्हणे माहेरी गेली. तसं लिहिलंस तू माझ्याबद्दल.”

मी तिला कॉन्युन्क्टिव्ह समजावायला गेले. आपल्या आईला मराठीत जर्मन व्याकरण समजावून सांगणाऱ्या माणसाइतकं मूर्ख मला आजवर कोणी दिसलेलं नाही. ती ऐकून घेत होती, पण तिचं तोंड मिटलं होतं. संध्याकाळी जेवायला वाढताना ती म्हणाली, “या बाजाराला तू एकटी जा. मी गेले आणि बोलले तर परत म्हणे लावशील.”

मला वाटलं थट्टा करतेय. पण बाजाराच्या दिवशी ती खरंच आली नाही. तिने शेजारणीच्या हाती माल पाठवला आणि मी त्याच इको गाडीत मागच्या सीटवर बसून तलासरीला गेले. गाडीत बायका एकमेकींशी बोलत होत्या, माझ्याशी नाही. मी वही काढली की त्या खिडकीबाहेर बघत.

बाजारात मी आईच्या जागेजवळ बसले. गिऱ्हाइकं यायची, शेजारणीला विचारायची, “ती कुठंय?” आणि घेऊन जायची. माझ्या प्रश्नांना उत्तर म्हणून ‘हां’ किंवा ‘नाय’ यापलीकडे काही मिळालं नाही. मुलाखत म्हणजे मी विचारते आणि त्या सांगतात असं मी समजत होते. खरं तर त्या आईला सांगायच्या आणि मी तिथे असायचे.

दुपारी ती म्हातारी आली. सुकट घेतली, डोळ्यांनी सगळीकडे पाहिलं आणि विचारलं, “तुझी आई आजारी हाय का?”

“नाही मावशी. घरी आहे.”

तिने डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं आणि माझ्यापुढे सरकवलं. “आईला दे. नवा तांदूळ हाय.”

माझ्या प्रश्नावलीत देवाणघेवाणीचा एक तक्ता होता. काय दिलं, किती दिलं, कशाच्या बदल्यात. मी महिनाभर तो भरत होते आणि त्यात पुष्कळ रकाने रिकामे होते. माझ्या तोंडून प्रश्न निघून गेला.

“कशाच्या बदल्यात, मावशी?”

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. “काय?”

“म्हणजे हा तांदूळ कशासाठी देतेस? सुकट तर तू विकत घेतलीस.”

ती रागावली नाही. पण तिचा चेहरा बदलला, जसा ओळखीच्या घरात अनोळखी माणूस दिसल्यावर बदलतो. म्हणाली, “आईला विचार,” आणि गाठोडं तिथेच ठेवून निघून गेली.

घरी येऊन मी आईला तांदूळ दिला आणि काय झालं ते सांगितलं. लपवायचं मनात आलं होतं, पण शेजारण सांगणारच होती.

“असं विचारलंस तिला?” आई एवढंच म्हणाली. ती इतकी हळू बोलली की मला ओरडली असती तर बरं, असं झालं.

मग तिने सांगितलं. मी शाळेत असताना एकदा पाड्यावरून परतताना पुराचं पाणी रस्त्यावर आलं आणि आई तिकडेच अडकली. दोन दिवस ती म्हातारीच्या घरी राहिली. म्हातारीने तिला जेवू घातलं, अंगावर कोरडं लुगडं दिलं. तेव्हापासून दर वर्षी नवं भात झालं की म्हातारी तिला थोडा तांदूळ पाठवते.

मी म्हटलं, “पण आसरा तर तिने दिला. मग तांदूळही तीच का देते? तू द्यायला हवंस ना काही?”

“मी जाते की तिच्याकडे,” आई म्हणाली. “तुला कळायचं नाही ते. तक्त्यात लिहू नकोस.”

पुढच्या बाजाराला आई स्वतः गेली. मला बरोबर घेतलं, पण वही घरी ठेवायला लावली. म्हातारीपाशी जाऊन बसली, दोघी बराच वेळ वारलीत काहीतरी बोलल्या आणि हसल्या. माझ्याबद्दलच असणार. मला निम्मंच समजलं. येताना आई म्हणाली, “तिला सांगितलं, पोरगी परदेशात शिकते, तिकडे असंच विचारतात.”

त्यानंतर मी बाईंना पत्र लिहिलं की मला बोलायचंय. या वेळी वहीत वाक्यं लिहून ठेवली नाहीत. लिहिली असती तर परत मध्येच अडकले असते. कॉल लागल्यावर मी सरळ सुरुवात केली. ज्या माणसांनी मला सांगितलं ती मला माहीत आहेत, त्यांचं बोलणं मी ‘म्हणे’ लावून लिहिलं तर माझ्या भाषेत त्याचा अर्थ वाईट होतो, तुमच्या भाषेत होत नसेल. हा प्रबंध माझी आई वाचणार नाही, पण तिने ऐकला आहे. आणि एका बाईने तांदूळ दिला त्याला मी बदल्यात काय असं विचारलं, आणि तो प्रश्न चुकीचा होता, उत्तर नव्हे. असं सगळं मी बोलले. लिंगं चुकली, विभक्त्या चुकल्या, एकदा क्रियापद दोन ठिकाणी ठेवलं. पण थांबले नाही.

बाईंनी मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, “हा चुकीच्या प्रश्नाचा भाग पद्धतीच्या प्रकरणात लिहा. तिथे तुम्ही ‘मी’ वापरू शकता.”

“आणि कॉन्युन्क्टिव्ह?”

“ते राहील. त्याला इलाज नाही. पण परिशिष्टात मुलाखती मूळ भाषेत देऊ शकता, भाषांतरासह. मुख्य मजकुरातही महत्त्वाच्या जागी त्यांचे शब्द अवतरणात द्या. अवतरणात क्रियापद बदलावं लागत नाही.”

म्हणजे अवतरणचिन्हांमध्ये आई साधी बोलू शकत होती आणि चिन्हं संपली की पुन्हा बी एक. मला ते समाधानाचं वाटलं नाही, पण तेवढं मिळत होतं. मी जिथे जिथे जागा सापडली तिथे तिथे अवतरणं घातली. म्हातारीचं ‘हिच्यात रेती नाय’ मी देवनागरीत ठेवलं आणि खाली जर्मन केलं. म्हातारीच्या तांदळाबद्दल तक्त्यात काही लिहिलं नाही. आईला विचारून पद्धतीच्या प्रकरणात फक्त माझ्या चुकीबद्दल दीड पान लिहिलं. ते दीड पान लिहायला मला सगळ्या प्रबंधात सर्वांत कमी वेळ लागला.

तोंडी परीक्षा व्हिडिओवर झाली, डहाणूहूनच. आई खोलीच्या कोपऱ्यात, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसली होती. मी तिला बाहेर जा म्हटलं नाही. पंधरा मिनिटांचं माझं निवेदन ठीक झालं. मग दुसऱ्या परीक्षकांनी एक प्रश्न विचारला. एका वाक्यात तीन उपवाक्यं होती आणि क्रियापदं एकामागोमाग शेवटी आली. मला वाटलं ते वाळवण्याच्या पद्धतीबद्दल विचारतायत. मी थंडी, वारा, बांबू, जवळ्यासाठी सारवलेलं खळं, सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, एकेक शब्द वेगळा करून, लहान मुलाला विचारावं तसा. त्यांना विचारायचं होतं की आईच्या ओळखीमुळे माझ्या माहितीची विश्वासार्हता कमी होते का.

हाच प्रश्न मी महिनाभर डोक्यात घेऊन फिरत होते. त्याचं उत्तर माझ्याइतकं कोणालाच येत नव्हतं. आणि तोच प्रश्न मला ऐकू आला नव्हता. मी जे बोलले ते बरं होतं, पण वेळ निम्मा गेला होता आणि माझा आवाज चढला होता.

कॉल संपल्यावर आईने विचारलं, “तो माणूस रागावला होता का?”

“नाही.”

“मग तू कोणावर ओरडत होतीस?”

मी म्हटलं, “माहीत नाही,” आणि चहा करायला उठले.

मी पास झाले. गुण मधले आले. परीक्षकांच्या शेऱ्यात आशयाबद्दल चांगलं लिहिलं होतं आणि शेवटी एक ओळ होती, ‘भाषा सर्वत्र यथोचित नाही.’ ती ओळ मला सहन होईना. यथोचित म्हणजे काय? चुकीची आहे असं तरी म्हणा. मी त्यांना पत्र लिहायला बसले. पहिला खर्डा फार रागाचा झाला, दुसरा फार नरम झाला, तिसऱ्यात क्षमायाचना जास्त झाली. चौथा पाठवला. नेमकी कुठली भाषा यथोचित नाही, हे शिकण्यासाठी कळावं, अशी विनंती.

त्यांचं उत्तर लगेच आलं. दोन ओळी आणि बारा पानांचे क्रमांक. मी प्रबंध उघडला आणि एकेक पान काढलं. सहा पानांवर खरंच चुका होत्या. शब्दाचं लिंग चुकलेलं, एक वाक्य मध्येच सोडलेलं, एका ठिकाणी कॉन्युन्क्टिव्हचं रूपच भलतं. त्या मला दिसायला हव्या होत्या. उरलेल्या सहा पानांवर अवतरणं होती. आईची, म्हातारीची, तलासरीच्या बाजारातल्या दोघीतिघींची. भाषांतर मी शक्य तितकं त्यांच्या बोलण्याजवळ ठेवलं होतं, त्यामुळे जर्मन थोडी वाकडी झाली होती.

ग्रंथालयासाठी अंतिम प्रत द्यायची होती आणि किरकोळ दुरुस्त्यांना परवानगी होती. आधीच्या सहा पानांवरच्या चुका मी दुरुस्त केल्या, एकेक प्रत्यय तक्त्यात पाहून. उरलेली सहा पानं तशीच ठेवली आणि प्रत पाठवून दिली.